तटस्थला वगळून स्थलांतर

१ नोव्हेंबर, सकाळी
मेल आला. ज्या कंपनीच्या जागेवर माझा ब्लॉग आहे ती कंपनी गाशा गुंडाळतेय. ३० नोव्हेंबरनंतर सगळं पुसून टाकणार म्हणे. कारण दिलेलं नाही. मला वाटतं, त्यांना ट्रॅफिक झेपत नसावं. माझ्या एकट्याच्या ब्लॉगवर रोज दोन भेटी असतात. त्यातली एक माझी, पण मीही वाचकच आहे.
संकल्प: पुढच्या रविवारी अख्खा ब्लॉग नव्या जागी हलवायचा. एका बैठकीत. बायकोला सांगितलं, रविवारी मला कोणी हाक मारायची नाही. ती बरं म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की जरा वाईट वाटलं.

३ नोव्हेंबर
ऑफिसात दिवसभर लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन. 'घाबरू नका, आमचा माणूस निघालाय.' हे वाक्य मी इतक्या खात्रीनं म्हणतो की कधीकधी मलाही वाटतं, निघाला असेल.
मधल्या सुट्टीत आमच्या कॉम्प्युटरवाल्याला ब्लॉगचं विचारलं. तो म्हणाला, काही नाही हो, जुन्या जागी एक्स्पोर्टचं बटण दाबायचं, एक फाइल येते, ती नव्या जागी इम्पोर्ट करायची. चहा होईपर्यंत काम खलास. लेख, फोटो, प्रतिक्रिया, सगळं जसंच्या तसं येतं.
प्रतिक्रिया म्हटल्यावर माझे कान टवकारले. प्रतिक्रियाही येतात? तो म्हणाला, येणारच, वेगळ्या कशाला काढायच्या?
याला काय माहीत. माझ्या ब्लॉगवरच्या प्रतिक्रिया म्हणजे तटस्थ.

४ नोव्हेंबर
तटस्थबद्दल एकदाच लिहून मोकळा होतो.
खरं नाव माहीत नाही. 'तटस्थ' या नावानं लिहितो. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हा मी 'अंदाजे' नावाचा लेख लिहिला होता. त्यावर हा गृहस्थ प्रथम उगवला आणि एवढंच लिहून गेला: 'या लेखात चूक नाही.' मला वाटलं, चला, रसिक मिळाला. पण तेव्हापासून आजतागायत एका लेखाला सोडलेलं नाही. दरवेळी सुरुवात ठरलेली: 'राग मानू नये, परंतु'. आणि मग सोलून काढतो.
माझा गाजलेला लेख 'लिफ्टमधला एकांत'. त्याखाली काय लिहावं? 'राग मानू नये, परंतु आरंभी आपण तिसऱ्या मजल्यावर अडकलात आणि अखेरीस पाचव्यावर सुटलात. बंद लिफ्ट वर कशी चढली?'
'पहाटेचा माणूस' या लेखाखाली: 'राग मानू नये, परंतु आपण रोज पहाटे उठता याची घरच्यांना कल्पना आहे काय?'
हा माणूस माझ्यावर पाळत ठेवून असावा. ऑफिसातलाच कोणीतरी जळका. 
निर्णय: बटण दाबायचं नाही. लेख एकेक करून हातानं हलवायचे. लेख येतील, तटस्थ येणार नाही. शिवाय नव्या ब्लॉगवर प्रतिक्रियांची सोयच बंद ठेवायची. घर बदलताना ढेकूण कोणी सोबत नेतं का?

६ नोव्हेंबर
नवा लेख टाकला, 'माझा आहार'. त्यात रोज मूठभर, म्हणजे शंभर ग्रॅम बदाम खातो असं लिहिलं. 
संध्याकाळी स्वयंपाकघरात सासरे काट्यावर बदाम ठेवून बसलेले. मूठ भरायचे, वजन करायचे, परत डब्यात टाकायचे. आयुष्यभर दुकानदारांचे वजनकाटे तपासले, सवय जात नाही. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. स्वभावानं फार गरीब. माझ्या कुठल्याही लेखाबद्दल विचारलं की एकच उत्तर, 'छान आहे, जावईबापू.' घरात एवढा एक तरी जाणकार आहे.

७ नोव्हेंबर, सकाळी
'राग मानू नये, परंतु एका मुठीत तीस-पस्तीस ग्रॅमच्या वर बदाम मावत नाहीत. तीनदा वजन करून पाहिले.'
बदाम मोजत बसतो! काय रिकामटेकडे लोक असतात जगात.

९ नोव्हेंबर, रविवार
स्थलांतराचा दिवस. सकाळी दार लावून बसलो. आधी नव्या ब्लॉगचं रूप निवडायचं होतं. शंभरेक नमुने आहेत. एकात अक्षरं बारीक, एकात माझा फोटो गोल येतो आणि कान कापले जातात. जेवायच्या वेळेपर्यंत रंगापाशी होतो. जेवून उठल्यावर निळा ठरला. संध्याकाळी तो निळा नको होता.
लेख हलवलेले: शून्य. पण पाया भक्कम हवा.

१२ नोव्हेंबर
पहिला लेख उघडला. 'नमस्कार मित्रहो'. हलवता हलवता वाचला आणि शहारलो. इतका कच्चा लेख नव्या घरात कसा नेणार? सुधारायला घेतला.

१३ नोव्हेंबर
'नमस्कार' आधी की 'मित्रहो' आधी?

१५ नोव्हेंबर
आज मोठं काम केलं. जुन्या ब्लॉगवर पाटी लावली: 'आम्ही नव्या घरी गेलो आहोत. थांबा, तुम्हाला नेतो.' काही सेकंदांत माणूस आपोआप नव्या ब्लॉगवर पोचतो. मग लक्षात आलं, नवं घर तर रिकामं आहे, वाचकानं येऊन काय भिंती बघायच्या? म्हणून तिथंही पाटी लावली: 'नवं घर लावायचं आहे. तोवर तुम्हाला जुन्या घरी नेतो.' म्हणजे दोन्हीकडून सोय झाली. वाचकाची एवढी काळजी घेणारा लेखक मी तरी दुसरा पाहिलेला नाही.
मी स्वतः मागच्या दारानं, पासवर्ड टाकून जातो, त्यामुळे मला पाट्यांचा त्रास नाही.

१६ नोव्हेंबर, सकाळी
कालच्या भेटी: चारशे अकरा!
परत पाहिलं. चारशे अकराच.

१७ नोव्हेंबर
नऊशेच्या वर. ऑफिसात कॉम्प्युटरवाल्याला सहज म्हणून ऐकवलं. त्यानं पाहायला मागितलं, मी दाखवलं नाही. नजर लागते.
तटस्थ गप्प आहे. 'माझा आहार'नंतर चकार शब्द नाही. एवढी गर्दी पाहून पाचावर धारण बसली असणार.
बायको म्हणाली, बाबांचा टॅब बिघडलाय, जरा बघा. म्हटलं, बघतो.

१९ नोव्हेंबर
भेटी वाढताहेत. गंमत म्हणजे दुपारी चार ते सहा सर्वात जास्त. म्हणजे माझा वाचक नोकरदार नाही, स्वतंत्र विचारांचा आहे.
या वेळात माझ्या घरचं चित्र काय, तर सासरे हॉलमध्ये खिडकीजवळ टॅब मांडीवर घेऊन बसलेले, हातात भिंग. मला म्हणाले, टॅब इकडे जा म्हणतो, मग तिकडे जा म्हणतो, मग परत इकडे. मी समजावलं, बाबा, वयोमानानं यंत्रं जमत नाहीत, मनाला लावून घेऊ नका. ते बरं म्हणाले. जावयासमोर ते दुसरं काही म्हणतच नाहीत.

२० नोव्हेंबर
बायको परत टॅबचं म्हणाली. रविवारी बघतो म्हटलं. माझी कामं हिला दिसतच नाहीत. पहिला लेख अजून सुधारतोय. आता 'मित्रहो' पूर्ण काढलं आहे, पण त्यामुळे नमस्कार कोणाला हे कळेना.

२३ नोव्हेंबर, रविवार
टॅब बघायचा राहिला. नव्या ब्लॉगसाठी माझा फोटो काढून घ्यायचा होता. बायकोनं काढला. सगळ्यात डोळे मिटलेले आले. ती म्हणाली, तुमचे नेहमी तसेच असतात.
सासरे जेवायला आले नाहीत. भूक नाही म्हणाले. चार दिवस झाले, बदामांचा डबाही जागेवरून हललेला नाही.

२५ नोव्हेंबर
दुसरा लेख हलवला! तिसराही! आता गाडी रुळावर आली. राहिलेले एकशे बेचाळीस. रोज तीस हलवले तर सहज होतील.

२६ नोव्हेंबर
चौकात नव्या झालेल्या इमारतीच्या तिन्ही लिफ्ट एकदम बंद. दिवसभर 'आमचा माणूस निघालाय'. आमचा माणूस तिसऱ्या लिफ्टमध्ये अडकला होता. घरी येऊन झोपलो.

२८ नोव्हेंबर
ताप.

२९ नोव्हेंबर
तापच. पण भेटी सुरूच आहेत. वाचक माझ्याकरता थांबलेत या विचारानं गोळीपेक्षा बरं वाटलं. उद्या उठून सरळ एक्स्पोर्टचं बटण दाबणार. आला तर येऊ दे तटस्थ.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी
बटण दाबलं. चाक फिरत राहिलं. आज बहुतेक सगळ्या जगानं शेवटच्या दिवसापर्यंत वाट पाहिली असावी. मदतकक्षाला लिहिलं. उत्तर आलं: 'घाबरू नका. आपली विनंती रांगेत आहे. आमचा प्रतिनिधी लवकरच आपल्याकडे येत आहे.'
हे वाक्य कुठल्या जातीचं आहे ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

१ डिसेंबर
पुसला. सगळा. एकशे बेचाळीस लेख.
कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं, घरी प्रत असेलच ना. नाही, मी थेट ब्लॉगवरच लिहितो. प्रेरणा आली की प्रती कोण काढत बसतं? त्यानं पाठीवर हात ठेवला. पाठीवर हात ठेवणारा तज्ज्ञ मला कधीच आवडत नाही.

२ डिसेंबर
नव्या ब्लॉगवरची पाटी काढली. तीन लेख दिसताहेत. फोटोत डोळे मिटलेले.
भेटी: एक. मी.
ते हजारभर लोक गेले कुठे?

४ डिसेंबर
भेटी: एक. मी. दोनदा जाऊन पाहिलं तरी नवा ब्लॉग एकच धरतो, जुना प्रत्येक फेरी धरायचा.

५ डिसेंबर
बायकोनं टॅब हातात दिला आणि दार उघडून धरलं. गेलो.
दुरुस्तीवाल्यानं टॅब उलटापालटा केला. म्हणाला, याला काहीही झालेलं नाही. हे आजोबा रोज एकच साइट उघडतात. तिच्यावर कोणा महाभागानं दोन पाट्या लावल्या होत्या, एक इकडे पाठवते, दुसरी तिकडे. बिचारे तासन्‌तास गोल फिरलेत, बघा, हजारो वेळा. आता तर ती साइटच मेलीय.
मी म्हटलं, लोक काहीही करतात. टॅब घेऊन निघालो. त्यानं पैसे घेतले नाहीत, याचाही राग आला.
म्हणजे ते हजारभर लोक खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते.

५ डिसेंबर, जेवणानंतर
एक जमेची बाजू आहे. सासरे माझा ब्लॉग रोज वाचत होते. लपून. चाहता असावा तर असा.
बायकोला विचारलं, बाबा एवढं काय उघडायचे रोज? ती म्हणाली, 'अंदाजे'. आईचा लेख. चारच्या चहाआधी एकदा वाचायचे, मग बाकीचं.
'अंदाजे' हलवलाच नव्हता. क्रमानं चाललो होतो ना. 'नमस्कार मित्रहो' आधी होता.

६ डिसेंबर
काही सुचत नाही. सासरे खिडकीजवळ बसतात, टॅब मांडीवर असतो, पण लावत नाहीत. नीट झालाय बाबा, म्हटलं, तर म्हणाले, हो, छान झालाय, जावईबापू.
संकल्प: 'अंदाजे' आठवून परत लिहायचा. माझाच लेख आहे, मला नाही आठवणार तर कोणाला?

७ डिसेंबर, रविवार
सकाळभर बसून लिहिला. जेवायला बसल्यावर सगळ्यांना वाचून दाखवला. सासूबाई कधीच काही मोजत नसत, वजनकाट्यांच्या तपासनिसाच्या घरात सगळं अंदाजे चालायचं, चहात दोन चमचे साखर टाकायच्या आणि चहा रोज तसाच व्हायचा, वगैरे. शेवट जरा भारदस्त केला.
सासरे म्हणाले, छान आहे, जावईबापू.
मग जेवू लागले. दोन घास झाले. हात थांबला. ताटाकडे बघत म्हणाले, राग मानू नये, परंतु.
आणि थबकले.
बायको एकदम खाली बघून भाजी चिवडायला लागली. मी सासऱ्यांकडे पाहत राहिलो. माझ्या हातातला घास हातातच.
परंतु काय, बाबा, असं मी विचारलं. 
ते हळू म्हणाले, चमचा नव्हता. ती चमच्यानं साखर घालत नसे, हातानं घाली. लेखात तसंच होतं. आणि मग त्यांनी मान वर न करता पूर्ण लेख म्हणून दाखवला. पहिल्या शब्दापासून. स्वल्पविरामाला थांबत, पूर्णविरामाला जास्त थांबत. मी लिहिलेला, माझ्या डोक्यातून पार पुसलेला.
विचारलं, एवढा पाठ कसा? म्हणाले, एकदा वाचला होता, राहिला लक्षात.
मला लाज वाटली. मग आनंद झाला. मग परत लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

७ डिसेंबर, संध्याकाळी
बायकोला म्हटलं, तुला माहीत होतं. ती म्हणाली, घरात बदामाचा डबा कोण मोजतं हे न कळणारे तुम्ही एकटेच. मुलीच्या घरी राहून जावयाच्या तोंडावर चूक कशी काढायची, म्हणून ते नाव घेतलं. आणि आता कळलंय तर कळलंय असं दाखवू नका, नाहीतर तेही बंद होईल.
दोन वर्षं मी ऑफिसात जळका शोधत होतो. तो समोर बसून 'छान आहे' म्हणत होता. या ब्लॉगवर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा एकच माणूस, आणि मी त्याला वगळायला म्हणून सगळा ब्लॉग बुडवला.

८ डिसेंबर
सासऱ्यांना शेजारी बसवलं. ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो. एका ठिकाणी थांबले. म्हणाले, हे लेखात नव्हतं, टाकू नका, पण एकदा तिच्या नकळत तिच्या मुठीतली साखर मी काट्यावर धरली होती. पुढेही दोन-तीनदा धरली. दरवेळी वजन तेवढंच भरलं. तिला कधी सांगितलं नाही.
मी टाकलं नाही. मला पुढची ओळ दिसेना, म्हणून मागचीच परत सांगायला लावली.
शेवटचं वाक्य त्यांनी सांगितलं: 'आता आमच्या घरात सगळं मोजून असतं आणि चहा रोज वेगळा होतो.' 
हे मी लिहिलं होतं? चांगलं आहे की.

९ डिसेंबर
'अंदाजे' नव्या ब्लॉगवर टाकला. प्रतिक्रियांची सोय उघडली. टॅबवर नवा पत्ता लावून दिला आणि सहज बोलल्यासारखं म्हटलं, इथं कोणी अनोळखी माणसं लिहितात, बाबा, काही काही फार बारकाईनं वाचतात. ते म्हणाले, असतील.
टाकताना फक्त शेवट एका वाक्यानं वाढवला. मूळ शेवट छान आहे, पण एकदम संपतो. खाली घातलं: 'मित्रहो, आयुष्याचंही असंच असतं, नाही का?' एवढा हात लेखकानं फिरवायलाच हवा.

१० डिसेंबर, सकाळी
एक प्रतिक्रिया.
'राग मानू नये, परंतु शेवटचे वाक्य मागाहून चिकटवलेले दिसते. ते काढल्यास या लेखात चूक नाही. - तटस्थ'
चहा घेताना सासरे म्हणाले, लेख छान झालाय, जावईबापू.
वाक्य काढलं.
भेटी: एक. मला धरलेलं नाही.